सत्तावीस आणि अठरा

रात्रीचे अडीच वाजले होते आणि माझा उजवा हात आप्पांच्या पोटावर होता. धुळ्यातल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात प्लास्टिकच्या स्टुलावर बसून मला चार तास झाले होते. आप्पा माझे धाकटे चुलते. तोंडात नळी असलेला माणूस झोपेच्या औषधाच्या अंमलातही नळीकडे हात नेतो, म्हणून त्यांची दोन्ही मनगटे गॉजच्या पट्टीने खाटेच्या कठड्याला बांधलेली होती. त्या पट्ट्यांखाली कातडी लाल झालेली पाहून मी सिस्टरांना विनंती केली, तेव्हा त्या म्हणाल्या की तुम्ही हात धरून बसणार असाल तर मी गाठ सोडते. म्हणून डावा हात त्यांच्या हातात आणि उजवा पोटावर, असा मी बसलो होतो. बाहेर मे महिन्याची रात्र अजून भट्टीसारखी होती, कडुनिंबाखाली सतरंज्या टाकून नातेवाईक झोपले होते, आणि आत एसीच्या गारव्याने माझे पाय बधिर झाले होते. तीस वर्षे मुलांना लंबक शिकवलेल्या माणसाची एक खोड असते. समोर काहीही वरखाली होऊ लागले की तो घड्याळाकडे पाहतो. मी पोटाचे उचलणे मोजले. एका मिनिटात सत्तावीस. व्हेंटिलेटरच्या पडद्यावर श्वासांचा आकडा होता १८. आपलेच चुकले असेल असे धरून मी पुन्हा मोजले, तेव्हा २६ भरले. तिसऱ्यांदा पुन्हा २७.

नऊ श्वास कुठेच लिहिलेले नव्हते.

मी सिस्टरांना सांगितले. त्यांच्याकडे त्या रात्री सहा खाटा होत्या, त्यातल्या एका खाटेवर नुकताच अपघातातला मुलगा आला होता, आणि तरीही त्या आल्या, पडद्याकडे पाहिले, बोटाला लावलेल्या चिमट्यातला ऑक्सिजनचा आकडा पाहिला आणि शांतपणे म्हणाल्या, “काका, मशीनचा आकडा बरोबर आहे. पेशंट मशीनशी फाइट करतोय, म्हणून पोट हलतंय. सरांना विचारून झोपेचं औषध थोडं वाढवू.” त्यांच्या बोलण्यात कसलाही हलगर्जीपणा नव्हता. मी मान डोलावली आणि पुन्हा स्टुलावर बसलो. पण ‘फाइट’ हा शब्द मला टोचत राहिला. आयुष्यभर बांधावरून भाऊबंदांशी भांडण टाळण्यासाठी स्वतःची दोन हात जमीन सोडून देणारा हा माणूस एका पेटीशी कशासाठी भांडेल? आणि माझ्या तळहाताखाली जे जाणवत होते, त्याला भांडण म्हणावे असे काही वाटत नव्हते. दोन वेळा पोट उचलले की यंत्र हवा देई, छाती फुगे, आणि तिसऱ्या वेळी पोट तसेच उचले, गळ्याच्या खाली हाडांमधला खळगा आत ओढला जाई, पण यंत्र गप्प राही. दारावर थाप मारणाऱ्याला दोनदा दार उघडावे आणि तिसऱ्यांदा घरात कोणीच नसल्यासारखे करावे, तसे ते होते.

आप्पांचा श्वास मला लहानपणापासून पाठ होता. अमळनेर तालुक्यात बोरीच्या काठावर आमचे गाव. कोरडवाहू कापसाची शेती, आणि दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की आप्पा जिनिंगमध्ये कामाला जात. रात्री परतत तेव्हा त्यांच्या भुवया, कानांवरचे केस आणि मिशी कापसाच्या धुळीने पांढरी झालेली असे, आणि आम्ही पोरे त्यांना म्हातारा म्हातारा म्हणून चिडवत असू. त्या धुळीवर उतारा म्हणून की काय, ते बिडी ओढत, आणि ती त्यांनी चाळीस वर्षे ओढली. पन्नाशीनंतर त्यांना धाप लागू लागली. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होत जाण्याचा आजार, हे नाव फार पुढे कळले. घरात सगळे नुसते ‘दम लागस’ एवढेच म्हणत. त्यांच्या धापेची गंमत अशी होती, गंमत हा शब्द मला आज बरा वाटत नाही, पण तेव्हा वाटे, की श्वास आत घेताना त्यांना फारसे काही होत नसे. सोडताना मात्र ओठांचा चंबू करून ते जणू गरम चहावर फुंकर घालीत आणि ती फुंकर संपता संपत नसे. ओट्यावर अंधारात बसलेले आप्पा त्या लांब शिट्टीवरूनच ओळखू येत.

पुढे मी या गोष्टीच्या मागे लागलो, तेव्हा कळले की त्या रात्रीच्या नऊ श्वासांचे गणित याच शिट्टीत होते. ज्यांच्या श्वासनलिका अरुंद झालेल्या असतात त्यांची हवा बाहेर पडायला वेळ लागतो. ती पूर्ण बाहेर पडण्याआधीच पुढचा श्वास आला तर थोडी हवा आत अडकते, त्यानंतर आणखी थोडी, आणि फुप्फुसांत एक दाब साठून राहतो. व्हेंटिलेटरला रुग्णाने श्वास मागितला हे कळते ते नळीतल्या दाबातल्या किंवा प्रवाहातल्या छोट्याशा बदलावरून. समजा दोन सेंटिमीटर पाण्याइतका दाब खाली आला की यंत्राने हवा द्यायची, असे ठरवून ठेवलेले असते. आता आतमध्ये आठ सेंटिमीटर अडकून बसलेले असतील, तर त्या माणसाला आधी ते आठ ओढून फेडावे लागतात आणि त्यानंतर वरचे दोन. विहिरीतून पाणी काढताना बादलीच गाळात रुतलेली असावी तसे. श्वासपटल आकुंचन पावते, पोट उचलते, माणूस थकतो, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या यंत्रापर्यंत त्यातले काहीच पोहोचत नाही. यंत्र फक्त आपण दिलेले श्वास मोजते. म्हणून पडद्यावरचे १८ खोटे नव्हते आणि माझे २७ ही खोटे नव्हते. डॉक्टर अशा प्रकाराला वाया गेलेला प्रयत्न म्हणतात, आणि रुग्ण व यंत्र यांच्यातल्या अशा सगळ्या बेबनावांना मिळून असिंक्रनी. तिचे आणखीही प्रकार आहेत. कधी यंत्र माणसाचा श्वास संपण्याआधीच हवा तोडते, कधी तो सोडू लागला तरी रेटत राहते, कधी एकाच मागणीला दोन श्वास एकावर एक देते आणि फुप्फुसात ठरवल्याच्या जवळजवळ दुप्पट हवा कोंबली जाते. हा शेवटचा प्रकार किती घातक ठरू शकतो हे समजायला एक जुना आकडा पुरे आहे. तीव्र फुप्फुसविकाराच्या ८६१ रुग्णांवरच्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत एका गटाला शरीराच्या अपेक्षित वजनामागे किलोला १२ मिलिलिटर हवा दिली होती आणि दुसऱ्या गटाला ६. पहिल्या गटात सुमारे ४० टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्यात ३१ टक्के.

आमच्या घरी पहाटे आई आणि काकू समोरासमोर बसून जाते ओढत. खुंटा एक आणि हात दोघींचे. मी पाचसहा वर्षांचा असताना मलाही दळायचे असे म्हणून खुंट्याला हात लावला आणि जोर केला, तर जाते अडखळले आणि पीठ जाडेभरडे पडू लागले. आई म्हणाली, ओढू नको, नुसता हात ठेव आणि काकूचा हात कुठे येतो ते बघ. मी नुसता हात ठेवला. थोड्या वेळाने मला कळू लागले की काकूचा जोर कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, आणि तो संपण्याच्या किंचित आधी आईचा जोर कसा येऊन मिळतो. दोघी एकमेकींकडे पाहत नव्हत्या, बहुतेक वेळा दोघींचे डोळे झोपेने मिटलेले असत. काकू आजारातून उठली होती त्या दिवसांत आई मुद्दाम जास्त जोर लावी, आणि काकू वैतागून म्हणे की तू एवढी ओढतेस की माझा हात नुसता फरफटत जातो. मदत जास्त झाली तरी माणूस दमतो, हे मी त्या जात्यावर ऐकलेले होते आणि विसरून गेलो होतो.

पहाटे साडेपाचला डॉक्टर आले. तरुण होते, डोळे तांबारलेले होते. मी संकोचत २७ आणि १८ सांगितले. त्यांनी पडद्यासमोर उभे राहून मिनिटभर लाटा पाहिल्या, मग माझा हात बाजूला करून स्वतःचा हात आप्पांच्या पोटावर ठेवला. तेही पुटपुटत मोजत होते. त्यानंतर त्यांनी जे केले ते पाहून मी घाबरलो, कारण त्यांनी यंत्राची मदत वाढवण्याऐवजी कमी केली. प्रेशर सपोर्ट, म्हणजे प्रत्येक श्वासाला यंत्र लावते तो दाब, सोळावरून हळूहळू दहावर आणला, आणि झोपेचे औषधही कमी करायला सांगितले. ते म्हणाले की आपण यांना फार मोठे श्वास देतोय, तेवढी हवा बाहेर पडायला यांना वेळच मिळत नाही. अर्ध्या तासात पडद्यावरचा आकडा १८ चा २५ झाला. दारातून डोकावणाऱ्या माझ्या चुलतभावाने तो वाढलेला आकडा पाहिला आणि तो रडायलाच लागला. मी पोटावर हात ठेवला. २६. आप्पांच्या गळ्याखालचा खळगा आता तितका आत जात नव्हता, आणि माझ्या डाव्या हातातली त्यांची पकड सैल झाली होती.

त्या आनंदात एक खडा होता. मी भौतिकशास्त्राचा शिक्षक नसतो, गॉजच्या गाठी सुटल्या नसत्या, किंवा नुसती झोप लागली असती, तर त्या रात्री औषध वाढले असते, आप्पा आणखी गाढ झोपले असते, त्यांचे श्वासाचे प्रयत्न आणखी क्षीण झाले असते, यंत्राला ते आणखी कमी ऐकू गेले असते, आणि पडद्यावरचा आकडा अधिकच शांत दिसला असता. शेजारच्या पाच खाटांवर कोणाचा हात नव्हता.

दोन वर्षांनी दिवाळीत माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. पुण्यात ती याच कामात आहे, म्हणजे व्हेंटिलेटरच्या लाटा वाचून असिंक्रनी ओळखणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली तयार करण्यात. फराळाचे ताट बाजूला सारून तिने लॅपटॉप उघडला. दाबाची एक रेघ, प्रवाहाची एक रेघ. मी तिला आप्पांची गोष्ट सांगितली, तेव्हा ती म्हणाली, “सर, मग शोधा बघू वाया गेलेले प्रयत्न.” मी चष्मा पुसून बसलो आणि आत्मविश्वासाने सहा जागा दाखवल्या. त्यातल्या दोन बरोबर होत्या, आणि आठ माझ्या नजरेतून निसटल्या होत्या. एका जागी श्वास सोडतानाच्या प्रवाहाच्या रेषेला, नखाने दाबल्यावर केळ्याच्या सालीवर उमटावी तेवढी, एक पुसट खोक होती. ती खोक म्हणजे कोणीतरी जीव तोडून मागितलेला एक श्वास होता. मी ओशाळलो, तेव्हा तिने माझी समजूत घातली ती एका इटालियन अभ्यासाने. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अनुभवी डॉक्टरांना नुसत्या लाटा पाहून बेबनाव ओळखायला सांगितले होते. त्यांना खऱ्या प्रसंगांपैकी २८ टक्के सापडले, आणि कमी अनुभवी डॉक्टरांना १६ टक्के. एवढी वर्षे मी मनातल्या मनात त्या सिस्टरांवर थोडा रुष्ट होतो, तो रोष त्या संध्याकाळी चकलीच्या तुकड्याबरोबर गिळला.

तिच्या प्रणालीत जादू काही नाही, आणि हे तिनेच आग्रहाने सांगितले. हजारो श्वासांच्या लाटा घ्यायच्या, प्रत्येक श्वासावर तो सुरळीत की बिघडलेला, बिघडलेला असेल तर कसा, अशी चिठ्ठी लावायची, आणि मग प्रणालीला त्या पुन्हा पुन्हा दाखवायच्या. एक छोटी चौकट लाटेवरून सरकत जाते आणि कोणत्या आकाराशी कोणती चिठ्ठी जुळते हे ती आपसूक पकडू लागते. मला नवल वाटले ते तिच्या अडचणींचे. आप्पांच्या नळीत पाणी साचत असे. यंत्र हवा ओलसर आणि कोमट करून देते, ती थंड खोलीतल्या नळीत आली की थेंब जमतात आणि श्वासागणिक हुक्क्यासारखी गुडगुड ऐकू येते, मग सिस्टर येऊन नळी तिरपी करून पाणी काढून टाकत. त्या गुडगुडीची लाटेवरची थरथर आणि क्षीण श्वासाची थरथर प्रणालीला सारखीच दिसू शकते. हृदयाचे ठोकेही तिथे उमटतात. म्हणजे पाणी, रक्त आणि इच्छा, या तिघांच्या सह्या एकाच रेघेवर असतात आणि त्या वेगळ्या करायच्या असतात. शिवाय चिठ्ठ्या लावणार माणसेच. त्यांनाच जर चारातला एक दिसत असेल, तर शिकणाऱ्याला तरी काय दिसणार? म्हणून खरी कसोटी लावायची असेल तेव्हा अन्ननलिकेत छोटा फुगा घालून आतला दाब मोजतात, किंवा श्वासपटलाचा विद्युतसंकेत टिपतात. चिठ्ठी शरीराकडूनच घ्यायची. आईने मला खुंट्यावर नुसता हात ठेवायला सांगितले होते, तेही याच हेतूने.

प्रणालीची खरी शक्ती तिच्या हुशारीत आहे असे मला वाटत नाही. ती जागी असते, हे तिचे बळ. मिनिटाला वीस श्वास धरले तरी एका खाटेवर दिवसाला २८,८०० श्वास होतात. कोणता माणूस ते पाहील? स्पेनमधल्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या कामात पन्नास रुग्णांचे सुमारे ८७ लाख श्वास संगणकाने तपासले होते. एकही रुग्ण असा निघाला नाही ज्याच्यात बेबनाव नव्हता, आणि ज्यांच्यात त्याचे प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त होते त्यांच्यात मृत्यू अधिक होते. बेबनावामुळे मृत्यू झाले की जे मुळातच अधिक आजारी होते त्यांच्यात बेबनाव अधिक होता, हे त्यावरून ठरत नाही, आणि ते ठरवून टाकण्याची घाई मी करणार नाही. पण दहा टक्क्यांवर मी थबकलो. सत्तावीसात नऊ म्हणजे तेहतीस टक्के.

आजचे यंत्र येण्याआधी हे काम हातच करीत होते. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, श्वास थांबलेली मुले एकामागून एक रुग्णालयात येऊ लागली आणि यंत्रे पुरेनात. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला भोक पाडून नळी बसवायला लावली आणि तिला रबरी पिशवी जोडली. ती पिशवी दाबायला सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस बसले. अतिदक्षता विभागाची सुरुवात तिथून धरतात. त्या विद्यार्थ्यांच्या तळव्यांना काय कळले असेल, याचा मी अनेकदा विचार करतो. पिशवीला सुई नव्हती, आकडा नव्हता. पण एखाद्या रात्री मुलाचे स्नायू किंचित परत येऊ लागले असतील आणि पिशवी दाबण्याच्या क्षणाआधीच ती आपल्या बोटांतून जराशी ओढली गेल्यासारखी वाटली असेल, तेव्हा त्या विद्यार्थ्याने आपला हात नक्कीच मागेपुढे केला असेल. पुढे पिशवीची पेटी झाली, ती पोरांपेक्षा नेमकी आणि न थकणारी झाली, आणि मधल्या काळात तो तळवा तेवढा गळून पडला. आता आपण लाखो श्वास खर्ची घालून तो तळवा परत घडवतो आहोत.

माझ्या मनात शंका नाहीत असे नाही. अतिदक्षता विभागात आधीच इतके अलार्म वाजत असतात की त्यांतला आणखी एक म्हणजे बाजारातल्या गोंगाटात आणखी एक भोंगा. प्रणालीने रात्री अडीचला सांगितले की चौथ्या खाटेवर तेहतीस टक्के श्वास वाया जात आहेत, तर ते ऐकायला जी सिस्टर आहे ती तेव्हाही सहा खाटांमध्ये धावतच असेल, आणि मदत कमी करायची की वाढवायची, हे ठरवणारा डॉक्टर पहाटेच येईल. शिवाय ज्या लाटांवर प्रणाली शिकली त्या कोणाच्या? चुलीच्या धुराने भरलेली छाती, कापसाची धूळ आणि बिडी यांनी मिळून घडवलेली आप्पांची ती लांब शिट्टी तिने कधी ऐकली असेल का? मी विद्यार्थिनीला हे विचारले. तिने उत्तर दिले नाही, वहीत काहीतरी लिहून घेतले. मला ते उत्तरापेक्षा आवडले. आणि तरीही, मला कोणी विचारले की त्या शेजारच्या पाच खाटांवर काय हवे होते, तर मी क्षणभरही न थांबता ही प्रणाली म्हणेन. झोपलेल्या पुतण्यापेक्षा जागी पेटी बरी.

नळी निघाल्यावर दोन दिवस आप्पांचा आवाज फुटत नव्हता. तिसऱ्या दिवशी मी त्यांना पाणी पाजताना ते घोगऱ्या आवाजात पहिले वाक्य बोलले ते पाण्याविषयी नव्हते. “हाई मशीन मनं आयकत नही रे,” ते म्हणाले. मशीन केव्हाच बाजूला गेले होते. त्यांना वाटत होते की ते अजून चालूच आहे. मग हळूहळू त्यांनी सांगितले की आपण विहिरीत आहोत, वरून कोणीतरी दोर सोडते, हाताला लागण्याआधीच ओढून घेते, असे त्यांना दिसत होते. सिस्टर हसून म्हणाल्या की औषधाने असे भास होतात. असतीलही. मी त्यांना दोर दर किती वेळाने हुकत होता असे विचारणार होतो, पण विचारले नाही.

आता ते गावीच असतात. बिडी सुटली आहे, कळण्याची भाकरी आणि ठेचा मात्र डॉक्टरांच्या नाकावर टिच्चून चालू आहे. परवा गेलो तेव्हा संध्याकाळी ते ओट्यावर बसले होते आणि तीच लांब शिट्टी अंगणभर पसरत होती. जाते कोपऱ्यात पालथे पडले आहे, त्याचा खुंटा कोणीतरी काढून नेला. मी त्यांच्याशेजारी टेकलो, इकडचे तिकडचे बोलत होतो, आणि माझ्या नकळत नजर त्यांच्या सदऱ्यावर आणि घड्याळावर जाऊ लागली. चौदापर्यंत आलो असेन, तेवढ्यात ते म्हणाले, “काय मोजी ऱ्हायना रे?” मी काही नाही म्हणालो. त्यांनी माझ्याकडे तिरके पाहिले, गाल फुगवले आणि मुद्दाम श्वास रोखून धरला. मग हसू आवरेना, हसण्यातून खोकला आला, खोकल्यातून डोळ्यांत पाणी. माझा आकडा मोडला होता. मी पुन्हा एकपासून सुरुवात केली.